तण कोणाला म्हणता?

गेल्या जुलै महिन्यात आमच्या वसाहतीच्या कमिटीकडून मला एक पत्र आले. पत्र अत्यंत सभ्य होते. अमेरिकेत माणसाला जितके अधिक दुखवावयाचे तितके पत्र सभ्य लिहितात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. 'आपल्या घरासमोरील जागेत दहा इंचांहून अधिक उंचीचे तण वाढलेले आढळले. ते चौदा दिवसांच्या आत काढावे, अन्यथा...' या 'अन्यथा'च्या पुढे दंडाची रक्कम होती. सोबत पुरावा म्हणून एक छायाचित्र जोडले होते. मी चष्मा पुसून ते नीट पाहिले. फार सुरेख आले होते! गुडघ्याच्या वर पोचलेले एक डेरेदार झुडूप, त्यावर भगव्या फुलांचे गुच्छच गुच्छ, आणि एका गुच्छावर पंख मिटून बसलेले फुलपाखरू. छायाचित्र काढणाऱ्याला आपण काय टिपले याची कल्पनाही नसावी. त्याला उंची मोजायची होती.

या 'तणा'चे नाव मिल्कवीड. इलिनॉय राज्याने २०१७ साली कायदा करून मिल्कवीडला राज्याचे रानफूल म्हणून मान दिला, आणि त्यावर बसलेले ते मोनार्क फुलपाखरू तर १९७५ पासून राज्याचा कीटक आहे. म्हणजे राज्याच्या मानाच्या दोन जीवांचे एकत्र छायाचित्र काढून, त्याखाली 'उपटून टाका' असे लिहून ते मला पाठवण्यात आले होते.

कमिटीशी माझे भांडण नाही. तिचे काम नियम वाचण्याचे आहे, झाडे वाचण्याचे नव्हे. माझे भांडण आहे ते माझ्याच लोकांशी, येथे येऊन स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींशी. आणि सहा महिन्यांसाठी मुलाकडे येऊन, परत गेल्यावर 'काय तिथली हिरवळ! नुसता गालिचा!' असे शेजारीपाजारी सांगत सुटणाऱ्या त्यांच्या आईवडिलांशीही. त्या गालिच्याबद्दलच मला बोलायचे आहे. दिवाळीच्या अंकात असले कडू कशाला, असे कोणी म्हणेल. पण नरकचतुर्दशीला कारेटे फोडून त्याची कडू चव जिभेला लावणाऱ्या घरात मी वाढले आहे. तेवढे कडू सणाला चालते.

प्रथम हा 'गालिचा' जिच्या छातीवर पसरला आहे त्या भूमीविषयी. शाळेच्या भूगोलात आपण प्रेअरी एका ओळीत शिकतो: 'उत्तर अमेरिकेतील विस्तीर्ण गवताळ प्रदेश.' गवताळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चरायची माळराने येतात. ही प्रेअरी तशी नव्हती. येथले गवत माणसाच्या डोक्यावरून जाई, आणि त्या गवतात वसंतापासून शरदापर्यंत पाळीपाळीने शेकडो जातींची रानफुले फुलत. जमिनीच्या वर जेवढे दिसे त्याहून जमिनीच्या खाली अधिक होते. मुळे माणसाच्या उंचीहून खोल जात आणि हजारो वर्षे तेथेच कुजून माती काळी करीत. ती माती इतकी चिकट, की पूर्वेकडून आलेल्या शेतकऱ्यांच्या ओतीव लोखंडाच्या नांगराला ती लपेटून बसे. चार पावले गेले की थांबून फाळ खरवडावा लागे. मग १८३७ साली याच इलिनॉयमधल्या ग्रँड डीटूर नावाच्या खेड्यात जॉन डिअर या लोहाराने गुळगुळीत पोलादाचा नांगर केला. माती त्यावरून घसरून बाजूला पडू लागली, आणि प्रेअरीचे दिवस भरले.

इलिनॉयमध्ये प्रेअरी सुमारे २ कोटी २० लाख एकर होती. आज तिचा अस्सल, अनाघ्रात असा जो भाग उरला आहे तो दहा हजारांत जेमतेम एक भाग भरतो. म्हणजे कसेबसे अडीच हजार एकर. तेही सलग नव्हेत. रेल्वेच्या रुळांच्या कडेची पट्टी, जुन्या दफनभूमीचा कोपरा, असे तुकडे तुकडे. दफनभूमीत नांगर फिरवायला माणूस कचरतो, म्हणून तेथे प्रेअरी वाचली. मॅकलीन काउंटीतील वेस्टन दफनभूमीत अशी पाच एकर जपून ठेवली आहे. मेलेल्यांनी जिवंतांसाठी राखलेली जमीन!

शिकागोच्या पश्चिमेला वुल्फ रोड प्रेअरी म्हणून सुमारे ८० एकरांचा तुकडा आहे. तेथे मी वर्षातून चार वेळा तरी जाते, फुलांची ओळख पक्की करायला. १९२० नंतरच्या तेजीत येथे बंगल्यांचे भूखंड पाडले होते, पादचाऱ्यांसाठी सिमेंटच्या वाटाही घालून झाल्या होत्या. तोच १९२९ ची मंदी आली आणि बंगले राहिलेच. वाटा मात्र आहेत. त्या फुटक्या सिमेंटवरून आपण चालतो आणि जेथे दिवाणखाने व्हायचे तेथे दोन्ही बाजूंनी गवत आणि फुले उभी असतात. ज्या मंदीने लाखो लोक देशोधडीला लागले तिचे गुण मी गाऊ इच्छीत नाही. पण त्या वाटेवर उभे राहिले की मनात जे यायचे ते येतेच.

आता माझ्या अपराधाकडे वळते. हो, अपराधच. दुसऱ्याला शहाणपण शिकवणाऱ्या बाईने आपली चूक आधी सांगावी, हे बरे.

मोनार्कसाठी मिल्कवीड लावा, असा गजर इकडे बरीच वर्षे चालू आहे. मोनार्कच्या अळीला मिल्कवीडच्या पानाखेरीज दुसरे अन्न चालत नाही. आपल्याकडे रुईच्या पानावर पट्टेरी अळी असते ना, जिचे पुढे नारिंगी फुलपाखरू होते, इंग्रजीत प्लेन टायगर म्हणतात ते? मोनार्क तिचेच सख्खे भावंड, आणि मिल्कवीड हे रुईच्या गोतातले. तोच चीक, तीच रेशमी कापसाची बी, तेच पोरांनी फुंकर घालून उडवायचे 'म्हातारी'चे पीस. रुई आठवली आणि मला भरून आले. मी ठरवले, आपणही मिल्कवीड लावायचे.

पहिल्या वर्षी मी काय केले? रस्त्याच्या कडेला एक रोप दिसले: समोरासमोर पाने, तोडले की पांढरा चीक. झाले मिल्कवीड! खणून आणले, पाणी घातले, दृष्ट लागू नये म्हणून जपले. दोन उन्हाळे जपले. एक अळी त्याच्याकडे फिरकली नाही. मग एके दिवशी शेंगा धरल्या त्या चवळीच्या शेंगांसारख्या सडपातळ, जोडीजोडीने लोंबणाऱ्या; आणि लक्षात आले की हे डॉगबेन आहे. तेही अमेरिकेचेच, मिल्कवीडच्याच कुळातले, परंतु मोनार्कच्या अळीला त्याचा काही उपयोग नाही. मिल्कवीडचे खोड बहुधा एकसंध सरळ वर जाते. डॉगबेनचे वर जाऊन फांद्या फोडते, आणि ते तांबूस, गुळगुळीत असते. मिल्कवीडच्या पानाची मागची बाजू हाताला मखमली लागते. हे सारे मला कोणी लपवून ठेवले होते का? नाही. मी पाहिले नव्हते. चीक दिसला आणि मी थांबले.

तिसऱ्या वर्षी मात्र मी दुकानात गेले. पैसे मोजले की चूक होत नाही, ही आपली एक श्रद्धा असते. दुकानात 'मिल्कवीड' अशी ठसठशीत पाटी लावलेल्या कुंड्या होत्या, आणि त्यांवर लाल-पिवळी फुले! मी जागच्या जागी थबकले. हे तर हळदीकुंकू! आमच्या आजोळी विहिरीच्या पाण्याच्या वाटेवर हे झुडूप उभे असायचे. खालच्या पाकळ्या कुंकवाच्या, वरचा मुकुट हळदीचा. आम्ही मुली ती फुले बाहुलीला वाहत असू. सात समुद्रांपलीकडे माहेरचे माणूस भेटावे तसे झाले. चार कुंड्या घेतल्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या साऱ्याजणींना मी त्यांच्याविषयी सांगितले, आणि पुढच्या महिन्यात निदान सहा घरांत हळदीकुंकू लागले.

हे हळदीकुंकू मूळचे आपले नव्हेच. ते उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचे. आपल्याकडे परदेशी म्हणून आले आणि माहेरवाशिणीसारखे राहिले. प्रेअरीचे तर ते मुळीच नव्हे. येथपर्यंत केवळ फजिती. पुढे दोष आहे. प्रेअरीचे खरे मिल्कवीड थंडी पडू लागली की वाळते, जमिनीपर्यंत मरते आणि वसंतात मुळातून नव्याने उठते. मोनार्कच्या अंगावर एक सूक्ष्म परोपजीवी जंतू असतो. त्याचे बीजकण फुलपाखरांच्या अंगावरून पानांवर झडतात आणि ती पाने खाणाऱ्या अळीच्या पोटात जातात. वर्षातून एकदा झाड मेले की त्याबरोबर ही घाणही जाते. हळदीकुंकू आमच्या इलिनॉयच्या पहिल्या कडाक्यात काळे पडून मरते, म्हणून येथे ते फारसा घात करीत नाही. परंतु माझी मावसबहीण राहते ह्यूस्टनला. मी मोठ्या प्रेमाने तिला बी पाठवले होते. तेथे ते बारा महिने हिरवेगार! जंतूंचे थर साठत जातात, आणि ज्या फुलपाखरांनी मेक्सिकोकडे उडायचे ती ताजी पाने पाहून तेथेच संसार थाटतात. लावायचेच असेल तर शरदात ते जमिनीलगत छाटून टाका, असे जाणकार सांगतात. मी बहिणीला फोन करून हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अगं, पण किती छान दिसतंय!"

येथेच माझे भांडण सुरू होते. 'किती छान दिसतंय' हा आपला निसर्गप्रेमाचा आरंभ आणि शेवटही. एखाद्या फुलावर आपले प्रेम आहे आणि त्याचे नाव, गाव, ऋतू, त्याच्या पानावर कोण जगते यातले काही ठाऊक नाही, तर ते प्रेम नव्हे. ती करमणूक आहे. माणसाच्या बाबतीत आपण असे चालवून घेतो काय? मुलीचे स्थळ पाहताना सात पिढ्यांची चौकशी करणारे आपण! आणि झाड लावताना मात्र दुकानदाराच्या पाटीवर भरवसा.

नावाचा घोटाळा थोरामोठ्यांनाही चुकला नाही म्हणा. प्रेअरीत सर्वांत जास्त दिसणाऱ्या गुलाबी मिल्कवीडचे शास्त्रीय नाव 'अस्क्लेपिआस सिरियाका'. सिरियाशी त्याचा कणाचाही संबंध नाही. जुन्या लेखकांनी ते पूर्वेकडचे समजले, आणि लिनियसने १७५३ साली तेच नाव कायम केले. पुढे चूक कळली. पण नियम असा की एकदा दिलेले नाव बदलत नाही. बिचारे अमेरिकन झाड जन्मभर सिरियाचे म्हणवून घेत उभे आहे. इकडे ज्यांच्या मुलांना शाळेत रोज 'तू मूळचा कुठला' असे विचारतात त्यांना या झाडाविषयी आत्मीयता वाटायला हरकत नाही.

मग अखेरीस मी माझे झाड ओळखले ते कसे? त्यात चीक नाही यावरून! हे ऐकून पुष्कळ जण हसतात. परंतु प्रेअरीच्या भगव्या मिल्कवीडची, म्हणजे 'अस्क्लेपिआस ट्युबेरोसा'ची, खूणच ही. पान तोडा, पांढरा चीक येत नाही. पाण्यासारखा स्वच्छ रस येतो. पाने समोरासमोर नसतात, खोडाभोवती एकाआड एक असतात. खोड केसाळ, खरखरीत. फुले बहुधा एकरंगी भगवी. हळदीकुंकवासारखे दोन रंगांचे सोंग त्यात नाही. उंची फार तर दोन-अडीच फूट. माती हलकी, निचऱ्याची लागते. सखल, चिकण मातीत हिवाळ्याचे पाणी साचले की मूळ कुजते. ओलसर जागेसाठी दुसरे मिल्कवीड आहे, गुलाबी फुलांचे, अरुंद पानांचे, तेही प्रेअरीचेच. ज्याची जागा जशी, तसे त्याचे झाड. आमच्या अंगणाची माती चिकण, म्हणून मी वाळू मिसळून एक लहानसा उंचवटा केला, तेव्हा ते जगले.

आणि जगवायचे म्हणजे थांबायचे. त्याचे सोटमूळ खोल जाते. म्हणून खणून आणलेले रोप बहुधा मरते, आणि रानातून खणून आणणे हा अपराध तर आहेच. बी पेरावे. पण या बियांना आधी हिवाळा सोसावा लागतो, त्यावाचून त्या डोळा उघडत नाहीत. नोव्हेंबरात उघड्यावर पेरून बर्फाखाली सोडून द्याव्यात, नाहीतर ओल्या वाळूत मिसळून महिना-दीड महिना शीतकपाटात ठेवाव्यात. आमच्या शीतकपाटात लिंबाच्या लोणच्याशेजारी वाळूची एक बरणी असते. पाहुण्यांपैकी एकाने ती मसाला समजून उघडली होती. पहिल्या वर्षी रोपाचे बोटभर काहीतरी येते. दुसऱ्या वर्षी वसंतात सारी बाग हिरवी होते तरी त्याचा पत्ता नसतो. हे फार उशिरा उठणारे झाड आहे. मेले असे समजून त्यावरच दुसरे काही लावणारे मी पाहिले आहेत. फुले दोन-तीन वर्षांनी. एकदा बसले की मात्र उपटल्याशिवाय जात नाही, पाणी मागत नाही, खत मागत नाही.

ज्या गालिच्यापासून मी निघाले तो काय मागतो? आठवड्याला कापणी, उन्हाळाभर पाणी, वर्षाला खते आणि तणनाशके. अमेरिकेत अशी हिरवळ सुमारे ४ कोटी एकर आहे. इलिनॉयची सारी मूळ प्रेअरी जेवढी होती, जवळजवळ तिच्या दुप्पट. आणि देते काय? आपल्या भाषेत सांगायचे तर, पंगत मांडली आहे, पाट टाकले आहेत, ताटाभोवती रांगोळी काढली आहे, उदबत्ती लावली आहे. आणि पानात काहीच वाढलेले नाही. ओळीने पाचशे घरे अशी. दिवाळीत दारी आलेल्याला लाडू हातावर ठेवल्याशिवाय न सोडणाऱ्या आमच्या बायका या उपाशी पंगतीकडे पाहून 'काय गालिचा!' म्हणतात, तेव्हा माझा जीव तुटतो.

तुमच्या दारी येणारा हा पाहुणा कोण, तेही ऐका. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडची मोनार्क फुलपाखरे हिवाळ्यासाठी मेक्सिकोच्या डोंगरातल्या देवदारासारख्या उंच झाडांच्या मोजक्या रानांत जातात. हे ठिकाण बाहेरच्या शास्त्रज्ञांना १९७५ साली कळले. डोंगरातल्या लोकांना फुलपाखरे अर्थात आधीपासून ठाऊक होती. नोव्हेंबरच्या आरंभी, मृतांच्या सणाच्या सुमारास ती तेथे पोचतात, म्हणून तिकडे त्यांना घरी परतलेले पूर्वज मानतात. आपल्या दिवाळीच्या आगेमागेच हे चालते. वसंतात ती उत्तरेकडे निघतात, पण इलिनॉयला पोचतात ती त्यांची मुले किंवा नातवंडे. उन्हाळ्यातल्या पिढ्या दोन ते सहा आठवडे जगतात. शेवटची पिढी मात्र आठ-नऊ महिने जगते, आणि जे रान तिने कधी पाहिलेले नाही, जेथून तिचे पणजोबा निघाले होते, तेथे तीन हजार मैलांपर्यंत उडून जाते. वाटेत हिला अन्न हवे आणि वसंतात परतताना अंडी घालायला मिल्कवीड हवे.

मेक्सिकोतल्या रानात ही फुलपाखरे किती जागा व्यापतात यावरून त्यांची मोजदाद होते. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ती १८ हेक्टरांहून अधिक होती. २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टर. २०२३-२४ मध्ये ०.९०. त्यानंतरच्या हिवाळ्यात १.७९, म्हणून सर्वांना हायसे वाटले! डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारने मोनार्कला 'संकटग्रस्त' ठरवण्याचा प्रस्ताव मांडला.

आता आक्षेप. सर्वांत जड आक्षेप माझे एक इंजिनियर स्नेही घेतात आणि तो खरा आहे. ते म्हणतात, "मिल्कवीड गेले ते शेतांतून, तुमच्या दारच्या दोन झाडांनी काय होणार?" पूर्वी मक्याच्या आणि सोयाबीनच्या ओळींतून मिल्कवीड तग धरून असे. १९९६ पासून तणनाशकाला दाद न देणारे बियाणे आले. शेतभर औषध फवारले की पीक राहते, बाकी सारे जळते. १९९९ ते २०१० या काळात मध्यपश्चिमेतले मिल्कवीड ५८ टक्क्यांनी घटले, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. तेव्हा माझ्या अंगणाने मोनार्क वाचेल असे मी म्हणत नाही, आणि तसे सांगणाऱ्या पत्रकांवर माझा विश्वास नाही. पण "शेतकऱ्याने औषध मारू नये" हे म्हणण्याचा अधिकार, स्वतःच्या पाव एकरावर तेच औषध मारणाऱ्या माझ्या स्नेह्यांना कोणी दिला? शेतकऱ्याला त्या जमिनीतून पोट भरायचे असते. आपल्याला कशासाठी हवे आहे? शेजाऱ्याने नावे ठेवू नयेत म्हणून!

दुसरा आक्षेप, ते पसरते. गुलाबी मिल्कवीड पसरते खरे. जमिनीखालून धावते आणि कुंपणापलीकडे डोके काढते. लहान अंगणात मी ते कोणाला लावायला सांगत नाही. भगवे पसरत नाही, जागेवर राहते. अळ्यांना गुलाबी अधिक आवडते, हेही प्रामाणिकपणे सांगते. तिसरा आक्षेप, विषारी आहे. आहे. चीक डोळ्यात गेला तर त्रास होतो, आणि पोटात जाऊ देऊ नये. दारच्या रुईलाही हेच लागू नाही काय? त्या विषावरच मोनार्क जगते. ते अंगात साठवते म्हणून पक्षी तिला टाळतात. आपण मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो, आणि तीच रुई भिंतीपाशी उगवली की विळा घेऊन धावतो, तेव्हा विषाचे कारण निदान आपण पुढे करू नये.

'तण' हा शब्दच मला खटकतो. तण ही वनस्पतीची जात नव्हे, ते माणसाचे मत आहे. गव्हात उगवलेली ज्वारीही तणच. मिल्कवीडच्या तर नावातच 'वीड' आहे. कमिटीतल्या माणसांनी झाड पाहिलेच नसावे, नाव ऐकून पत्र लिहिले असावे. याच तणाच्या शेंगा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतली शाळकरी मुले रानोमाळ हिंडून पोत्यांत भरीत होती. खलाशांच्या जीवरक्षक जाकिटांत भरायचा कापोक, म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीचा कापूस, जावाकडून येई. ते बेट जपानच्या हाती गेले. मग मिल्कवीडच्या म्हाताऱ्यांनी ती जाकिटे भरली. दोन पोती शेंगांत एक जाकीट. युद्ध संपले, आणि ते पुन्हा तण झाले.

एक नवा प्रकार निघाला आहे, त्याचाही समाचार घेतला पाहिजे: 'रानफुलांचे मिश्रण'. रंगीत पाकीट, वर कुरणाचे चित्र, अंगणात उधळा की झाली प्रेअरी. मी एक पाकीट आणून जे उगवेल ते ओळखत गेले. युरोपच्या शेतातली निळी फुले आली, युरोपची पॉपी आली, मेक्सिकोचा कॉसमॉस आला, आणि पुष्कळसा आला गलांडा. होय, आपला गलांडा! दसऱ्याला झेंडूच्या जोडीने ज्याचे हार फुलबाजारात ढिगांनी विकतात, तो लाल-पिवळा गलांडा मूळचा टेक्सस-ओक्लाहोमाच्या प्रेअरीतला. गेलार्डिया या नावाचे आपल्या माळिणींनी गलांडा करून टाकले. ओक्लाहोमाने १९८६ पासून त्याला आपले रानफूल मानले आहे. तेथे तो घरचा आहे. इलिनॉयमध्ये तो सुंदर पाहुणा, एवढेच. पाकिटावर मात्र 'देशी रानफुले' असे छापले होते. कुठल्या देशाची ते छापले नव्हते. त्यात मिल्कवीडचे एकही रोप उगवले नाही.

मी परक्या झाडांची वैरीण आहे असे कोणी समजू नये. माझ्याकडे तुळस आहे. ऑक्टोबरात ती घरात येते, खिडकीशी बसते आणि मे महिन्यात पुन्हा बाहेर जाते. कढीलिंब आहे, त्याचेही तसेच. मोगऱ्याच्या एका कुंडीसाठी लोक काय काय करतात, ते पाहिले की या जातीला झाडाची माया नाही असे म्हणवत नाही. तापमापक, दिवे, कोमट पाणी! कुंडीतल्या माहेराला माझी ना नाही. त्या मायेतला दहावा भाग कुंडीबाहेरच्या जमिनीला द्या, जी आपण विकत घेतली, जिच्यावर कर भरतो, आणि जिचे एकही फूल आपल्याला नावाने ओळखता येत नाही. आमच्या मंडळात गेल्या वर्षी मी वीस जणांना प्रेअरीच्या तीन फुलांची नावे विचारली. अकरा जण म्हणाले, ट्यूलिप.

पत्राचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. २०२४ साली इलिनॉयने असा कायदा केला आहे की घरमालकांच्या संघटनांना सभासदाच्या अंगणातली राज्याची देशी झाडे सरसकट मना करता येणार नाहीत; मात्र ती निगा राखलेली असली पाहिजेत. मी त्या कायद्याची एक प्रत जोडली, झाडाचे शास्त्रीय नाव लिहिले, आणि त्यांच्याच छायाचित्रावर बाण काढून 'राज्याचे रानफूल' आणि 'राज्याचा कीटक' असे दाखवून, अत्यंत सभ्य शब्दांत उत्तर पाठवले. दंडाची मागणी पुन्हा आली नाही. उत्तरही आले नाही. सप्टेंबरच्या एका सकाळी मात्र कमिटीतल्या एक वृद्ध बाई कुत्रे घेऊन जाताना माझ्या उंचवट्यापाशी थांबल्या. झाडावर शेंगा उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "हे फोडलं तर आत कापूस असतो ना?" लहानपणी त्या आपल्या मोठ्या भावाबरोबर पोती भरायला जात, असे म्हणाल्या. मी त्यांना दोन शेंगा दिल्या आणि शीतकपाटाची युक्ती सांगितली.

उरलेल्या शेंगा कागदी पिशवीत घालून मी कपाटावर ठेवल्या आहेत. फराळाचे डबे रिकामे झाले, पाहुणे गेले, जमीन गोठण्याआधीचा एखादा कोरडा दिवस सापडला, की पेरायला घेईन.